माही झंडी कोठी गेली? सहस्रचंद्रदर्शनाच्या एका स्लाइड शोचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात महाल भागात आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, व्हिडिओ मिक्सिंग आणि सीझनमध्ये वाढदिवसाचे, निवृत्तीचे स्लाइड शो. मिक्सिंगला एक तरुण मुलगा आहे, बाकी सगळं मी बघतो. हे प्रकरण २०२२ च्या हिवाळ्यातलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे, नावं गाळली आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटी एक मुलगी आली. तिच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात होतं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीसहून किंचित जास्त दिवस धरले, तर हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि सुमारे १० महिने लागतात. आजोबांचा जन्म १९४२ च्या फेब्रुवारीतला, हिशेब चोख बसत होता. आजोबा इतवारी–नागभीड छोट्या लाइनवर गार्ड होते. अडीच फुटी रुळांची ती लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. घरात मात्र तिच्याबद्दल आजही ती चालूच असल्यासारखं बोलतात.

मुलीची मागणी साधी होती. "काका, लोक बोर नाही झाले पाहिजे. भारी भारी इफेक्ट टाकजा." तिने एका लग्नात फोटो घनाकृती होऊन फिरताना, पाकळ्या उडताना, अल्बमची पानं उलटताना पाहिली होती. तसंच हवं होतं.

फोटो आले ४१२. त्यातले निम्म्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर आले: जुन्या अल्बमवर मोबाइल धरून काढलेले, प्लॅस्टिकची चमक तशीच, काहींत काढणाऱ्याच्या बोटांची सावली. मी तिला तिथेच हिशेब सांगितला, की एका फोटोला ६ सेकंद दिले तरी ४१ मिनिटं होतात. जेवणाची पंगत खोळंबेल. ती हसली, "निवडून देते" म्हणाली आणि आठवड्याने ८४ फोटोंची यादी घेऊन आली. सगळ्या कामात नीट ठरवून घेतलेला हा पहिला निर्णय, आणि तो तिचा होता.

पहिली कॉपी कशी बनली

आमच्याकडे हे काम अजून प्रोशो प्रोड्यूसर या स्लाइड शोच्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते बनवणारी फोटोडेक्स कंपनी २०२० मध्ये बंद पडली, तरी स्टुडिओवाल्यांच्या मशीनवर ते टिकून आहे, कारण त्याच्या तयार स्टाइलींचा साठा प्रचंड आहे. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टाइल म्हणजे एका स्लाइडचा आधीच रचून ठेवलेला साचा. फोटो कुठून येणार, किती मोठा होणार, किती अंशात फिरणार, मागे कोणती चौकट, वर कोणते कण उडणार, नाव कसं उमटणार, हे सगळं त्यात भरलेलं असतं. तुम्ही फक्त फोटो टाकायचा.

मिक्सिंगच्या मुलाने ८४ फोटो ओळीने टाकले, सगळे निवडले आणि आमच्याकडच्या लग्नाच्या स्टाइली सरसकट लावून दिल्या. दोन तासांत शो तयार! रेंडर मारून, म्हणजे शोचा पक्का व्हिडिओ काढून, त्याने मला शेवटची दोन मिनिटं दाखवली. मी उभ्याउभ्या पाहिली, रंग बरे आहेत म्हणालो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. पूर्ण कॉपी मी पाहिली नाही. पुढचं सगळं इथून सुरू झालं, ती जबाबदारी माझी आहे.

अडचण

कार्यक्रम रविवारी होता. बुधवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बैठकीतल्या टीव्हीसमोर सगळं घर जमलं, आजोबा मधल्या खुर्चीवर. पहिली दोन-तीन मिनिटं "अरे वा" चाललं. मग त्यांचा इतवारी स्टेशनवरचा फोटो आला.

तो फोटो मला आता पाठ झाला आहे. उभा, काळा-पांढरा, साडेतीन बाय पाच इंची. ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डच्या डब्याच्या, पायरीवर तिशीतले आजोबा, डावा हात दांड्यावर, उजवा हात वर आणि हातात झंडी. स्टाइलीने तो आडव्या सोनेरी चौकटीत बसवला होता. चौकटीत चेहरा होता, छातीवरची शिटी होती. वरचा हात मनगटापासून कापला गेला होता. त्यात फोटो डावीकडून गिरकी घेत आला आणि पाकळ्यांमधून निघून गेला.

आजोबा म्हणाले, "माही झंडी कोठी गेली?"

कोणी काही बोललं नाही. मग आत्याने आणखी एक गोष्ट काढली. अकरा जणांच्या कुटुंबाच्या फोटोत कडेचे दोघं बाहेर गेले होते, आणि त्यातले एक आजोबांचे मोठे भाऊ, जे आता नाहीत. सहस्रचंद्रदर्शनाच्या शोमध्ये गेलेल्या माणसाला कापणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिसरी चूक अक्षरांची. लग्नाच्या फोटोखाली "विवाह, १९६७" असं लिहिलं होतं. नावाच्या स्टाइलीत एकेक अक्षर वेगळं उडत येतं. रोमन लिपीत ते चालून जातं, आपल्या लिपीत वेलांटी हे वेगळं अक्षर नाही, ती व्यंजनाचा भाग आहे. प्रोग्रामने 'व' वेगळा आणला आणि पहिली वेलांटी वेगळी आणली, तीही एका ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली. दीड सेकंद ती पडद्यावर एकटी तरंगत होती.

घरी परतताना मी हिशेब लावला. तयार स्टाइली बहुतेक आडव्या फोटोसाठी रचलेल्या असतात. टीव्हीच्या पडद्याची रुंदी-उंची १६:९. त्यात ३:२ मापाचा उभा फोटो पूर्ण रुंदीने भरला, तर फोटोचा जेमतेम ३७ टक्के भाग दिसतो आणि बाकी वर-खाली कापला जातो. आडवा फोटो भरला तर ८४ टक्के दिसतो, म्हणून लग्नाच्या कामात हा दोष कधी डोळ्यावर येत नाही: आजचे फोटोग्राफर कडेला मोकळी जागा सोडून काढतात, आणि एक फोटो कापला तर तसेच पुढचे चार असतात. १९७२ च्या घरात एका प्रसंगाचा एकच फोटो असतो, आणि तो काठोकाठ भरलेला असतो.

वेळेचंही तेच. प्रोशोमध्ये फोटोची हालचाल आधीच्या ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका फोटोवरून दुसऱ्यावर जाण्याच्या, काळातच सुरू होते. ट्रान्झिशन ३ सेकंदांचं, त्यात फोटो गिरकी घेत येणार, मग २ सेकंद थांबणार आणि पुन्हा ३ सेकंद जाण्यात. आजोबांसारख्या माणसाला चेहरा ओळखून नाव आठवायला २ सेकंद पुरत नाहीत. ते आठवेपर्यंत फोटो निघून जात होता.

समोरचे पर्याय

गुरुवारी सकाळी मी आणि मिक्सिंगचा मुलगा बसलो. हातात तीन दिवस.

एक, आहे तीच कॉपी ठेवून प्रत्येक स्टाइलीत आत शिरून फोटो सरकवायचा, म्हणजे कापलेलं परत दिसेल. सगळ्यात कमी काम. पण चौकट आडवीच राहणार, उभा फोटो लहान होऊन मधे अडकणार, आणि गिरक्या तशाच.

दोन, सगळ्या स्टाइली काढून साधा फेड. एक फोटो विरळ होत जातो, दुसरा उमटतो. माझं मन तिकडेच झुकत होतं. फोनवर नातीला विचारलं तर ती हिरमुसली. "काका, हे तर आम्ही मोबाइलवर पण करू शकलो असतो न." तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिने पैसे हालचालीचे दिले होते, आणि तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीही कार्यक्रमाला येणार होत्या.

तीन, आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं विकतचं तयार टेम्पलेट. दिसायला देखणं, पण त्यात फोटोंच्या जागा मोजून दिलेल्या असतात, क्रम मोडता येत नाही आणि आमच्या मशीनवर रेंडरला रात्र जाते. एक चूक निघाली की पुन्हा एक रात्र. तीन दिवसांत हा जुगार मला नको होता.

चौथा पर्याय मुलाने सुचवला. फोटोंचे ढीग करू. प्रत्येक फोटोला विचारू, तुला हलायचं आहे का. त्याने हे सहज म्हटलं, पण कामाची दिशा तिथे ठरली. आम्ही आजवर आधी स्टाइल निवडायचो आणि मग त्यात फोटो टाकायचो. हा क्रमच उलटा होता.

काय केलं

सगळ्यात आधी मुलाला त्यांच्या घरी पाठवून मूळ अल्बम आणवले. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आवळला जातो. झंडीच्या फोटोचा वरचा अर्धा भाग दाखवायचा तर हातात ८०० पिक्सेल, आणि पडद्याची उंची १०८०. धूसर दिसणारच. तोच फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर ३००० पिक्सेल उंची मिळाली, अर्ध्या भागालाही १५००. काळ्या कागदावर कोपऱ्यात चिकटवलेले फोटो सोडवताना मुलगा श्वास रोखून काम करत होता. तीन फोटो निघेनात. ते अल्बमसकट स्कॅनरवर पालथे ठेवले.

मग जमिनीवर सतरंजी टाकून ८४ फोटोंच्या पोस्टकार्ड प्रिंट मांडल्या. स्क्रीनवर हे जमत नाही, एका वेळी चारच दिसतात. नातीला बोलावलं, आत्याही आल्या. ढीग तीन झाले. ज्यांत काठापर्यंत माणसं आहेत किंवा जे एकमेव आहेत ते ३१ फोटो स्थिर, प्रत्येकी ८ सेकंद. ज्यांत एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे नजर नेण्यासारखं काही आहे ते ३७ फोटो हळू सरकणारे, ७ सेकंद. आणि अलीकडचे, सहलींचे, नातवंडांच्या वाढदिवसांचे १६ फोटो, त्यांच्यासाठी तयार स्टाइल, ५ सेकंद. बेरीज ९ मिनिटं ४७ सेकंद.

भांडण झालं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाच्या सीमेवर. नातीला आजी-आजोबांचा फुटाळा तलावावरचा फोटो पाकळ्यांत हवा होता. आत्या म्हणाल्या, "आईचा तो शेवटचा चांगला फोटो आहे." फोटो पहिल्या ढिगात गेला. असे निर्णय स्टुडिओवाल्याने घेऊच नयेत, असं मला त्या दिवशी पटलं.

दुसऱ्या ढिगातली हालचाल म्हणजे ज्याला केन बर्न्स इफेक्ट म्हणतात ती, स्थिर फोटोवर कॅमेरा हळू फिरतो आहे असा भास. अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या कामामुळे हे नाव रूढ झालं आणि अ‍ॅपलने ते आयमूव्हीत तयार इफेक्ट म्हणून दिलं. तयार स्वरूपात त्याची दिशा प्रोग्राम ठरवतो. आम्ही ती हाताने ठरवली. जवळ जाणं म्हणजे "याच्याकडे बघा" आणि मागे येणं म्हणजे "हा कुठे आहे ते बघा". नागभीडच्या क्वार्टरसमोर खाटेवर बसलेल्या आजोबांच्या आईकडे आम्ही जवळ गेलो. अंगणातल्या सायकलीवरच्या मुलापासून मागे आलो, म्हणजे दारात उभे असलेले आजोबा उशिरा दिसतात. ७ सेकंदांत मोठं-लहान होणं १०–१२ टक्क्यांच्या वर जाऊ दिलं नाही आणि चाल 'लिनियर'वरून 'स्मूथ' केली, म्हणजे सुरुवात आणि थांबणं झटक्याने होत नाही.

एका ठिकाणी वेगळाच त्रास झाला. आजीच्या बारीक चौकड्यांच्या नऊवारीवर हळू हालचाल दिली की चौकड्या लुकलुकायला लागत. रुळांखालच्या गिट्टीचंही तेच. कारण फोटो पडद्यापेक्षा खूप मोठा असतो आणि एकेक रेषा पिक्सेलच्या आत-बाहेर उड्या मारते. असे फोटो गरजेच्या सव्वापट मापापर्यंतच लहान करून टाकले, तर लुकलुक गेली.

झंडीच्या फोटोवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. बाजूच्या मोकळ्या जागेत तोच फोटो धूसर करून भरायची पद्धत आहे. मला ती या फोटोला बरी वाटेना, कारण आजोबांचा धुरकट चेहरा दोन्हीकडे दिसत होता. त्याऐवजी फोटोच्याच काठाचा गडद रंग मागे ठेवला. सुरुवात वरच्या अर्ध्या भागावर: झंडी, हात, चेहरा. मग ९ सेकंदांत मागे येत पूर्ण फोटो आणि ब्रेकव्हॅन, शेवटचे ३ सेकंद काही हलत नाही. या एकाच फोटोला दुपटीची हालचाल दिली.

मुलाने उत्साहाने त्याला एका अ‍ॅपमधून रंगही भरले. दिसायला छान होता. मी आजोबांना फोनवर पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन, "बाबू, झंडी लाल काहून केली? लाल दाखवली तं गाडी निघन कशी?" अ‍ॅपला काळ्या-पांढऱ्या फोटोतला करडा तुकडा लाल वाटला होता. गार्ड गाडी सोडताना हिरवी दाखवतो, हे अ‍ॅपला ठाऊक नाही. हिरवी करता आली असती, पण मग गणवेश, ब्रेकव्हॅन, आभाळ, यातलं काय खरं आणि काय अ‍ॅपचं, हा प्रश्न उरलाच असता. फोटो काळा-पांढरा ठेवला.

नावं सगळी फोटोशॉपमध्ये मुक्ता फॉन्टमध्ये लिहिली, पारदर्शक पीएनजी करून थर म्हणून टाकली. आमच्या फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागला, नाहीतर जोडाक्षरं तिथेही मोडली असती. नावाला एकच हालचाल दिली, पूर्ण ओळ एकत्र उमटणारी. नातीने एका पाटीवर "ट्रेन मॅनेजर" लिहून दिलं होतं, कारण रेल्वेने जानेवारी २०२२ पासून गार्डच्या पदाचं नाव तसं बदललं आहे. आजोबांनी "गार्ड" हवं म्हटलं. ते निवृत्त झाले तेव्हा गार्डच होते, तेच लिहिलं.

संगीताच्या जागी गाणं घेतलं नाही. आत्यांकडे आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटलेलं मोबाइलवरचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. मागे भांड्यांचा आवाज होता, तो थोडा कमी केला, पूर्ण काढला नाही. पहिल्या दोन ढिगांखाली ओव्या, मधे शांतता आणि १६ नव्या फोटोंखाली तबल्याची चाल.

कार्यक्रमाचा दिवस

कार्यक्रम एका लॉनवर होता. हिवाळ्यातली सकाळ, अकराची वेळ, तीन बाजूंनी कापडी मांडव आणि आत लख्ख ऊन. मी एलईडी वॉल धरून चाललो होतो, तिथे होता जुना ४:३ प्रोजेक्टर. आमचा १६:९ शो वर-खाली काळ्या पट्ट्यांसह लहान झाला आणि उजेडामुळे काळ्याची राख झाली. मी मोठ्या प्रेमाने निवडलेल्या गडद पार्श्वभूमी त्या उजेडात सगळ्यात आधी विरल्या. जुने, मुळात अंधारे असलेले सात-आठ फोटो मागच्या रांगांना दिसलेच नाहीत. लोकांनी पडदे ओढले, एकाने बाजूची कनात सोडली, तेव्हा कुठे निभावलं.

गंमत अशी की नव्या फोटोंच्या तयार स्टाइली त्या उजेडातही ठळक दिसल्या, त्या भडक असतात म्हणूनच. नातीच्या मैत्रिणींनी तिथेच टाळ्या वाजवल्या आणि नातीचा चेहरा खुलला. त्या १६ फोटोंना स्टाइल देण्याचा तिचा हट्ट बरोबर होता.

मोठ्या भावांचा फोटो आला तेव्हा अकराही जण पडद्यावर होते, ८ सेकंद, न हलता. आत्यांनी शेजारणीला एकेकाचं नाव सांगितलं आणि ती सगळी सांगून झाली. झंडीच्या फोटोला आजोबांनी काही म्हटलं नाही. त्यांच्या शेजारी बसलेले एक म्हातारे, बहुधा लाइनवरचेच सोबती, वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघं बराच वेळ त्यावरच बोलत राहिले. शो पुढे गेला होता.

आज केलं तर

पहिली गोष्ट, जागा आधी बघेन. पडद्याचं माप, प्रोजेक्टर की एलईडी, कार्यक्रम दिवसा की रात्री. नागपुरात निम्मे कार्यक्रम लॉनवर होतात, त्यामुळे हे विचारायचं मला सुचायला हवं होतं. दिवसाच्या कार्यक्रमासाठी आता मी वेगळी, उजळ कॉपी काढतो आणि पार्श्वभूमी कागदासारखी फिकट ठेवतो.

दुसरी, बुधवारची बैठक पंधरा दिवस आधी व्हायला हवी होती, आणि तीही पूर्ण शो घेऊन नाही. तीन ढिगांतला एकेक फोटो, मिळून २० सेकंद. त्यावर घरच्यांचं बोलणं झालं असतं, तर तीन दिवसांची धावपळ टळली असती. सतरंजीवरची मांडणी मात्र मी आता प्रत्येक कामात करतो. त्याला पैसे लावत नाही.

ओव्यांच्या बाबतीत मी अजून ठाम नाही. प्रोजेक्टरच्या बाजूच्या स्पीकरवर आजींचा आवाज फाटला, आणि दोन-तीन बायका मधेच उठून गेल्या. त्या का गेल्या ते मी विचारलं नाही. घरच्या टीव्हीवर तोच आवाज सुंदर लागला होता. पुढच्या वेळी कुटुंबाला विचारेन, की हा आवाज दोनशे माणसांत ऐकायचा आहे की घरीच.

आणि फाइलचा प्रश्न आहेच. शो उघडायला प्रोशो लागतं, ते ज्या मशीनवर आहे तिची हार्ड डिस्क आवाज करते, आणि नवीन प्रत आता कुठून मिळणार नाही. त्या शोचे सगळे फोटो, स्टाइली, पाट्या आणि आवाज एका फोल्डरमध्ये गोळा करून दोन डिस्कवर ठेवले आहेत, स्कॅन वेगळे करून कुटुंबालाही दिले आहेत. उन्हाळ्यात नातीचा निरोप आला होता, की आजोबांचे मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात काढलेले चार फोटो त्यात जोडायचे आहेत. मशीन चालू आहे तोवर ते काम उरकायचं आहे. त्यातला एक फोटो उभा आहे.